लेक, तलाव की तळे? साताऱ्याच्या पाण्याची नावे काय सांगतात

सातारा - महाबळेश्वरला जाणारा पर्यटक पाचगणीचा रस्ता सोडून बाजारपेठेकडे वळण्याआधी वेण्णा लेकवर थांबतोच. नौकाविहार, घोडेस्वारी आणि काठावरचा गरम मका असा तिथला ठरलेला कार्यक्रम असतो. डोंगरमाथ्यावर, झाडीच्या कुशीत पसरलेले ते पाणी पाहून हे निसर्गनिर्मित सरोवर असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकीर्दीत नदीचे पाणी अडवून बांधण्यात आला. अशीच गोष्ट कासच्या तलावाची, कोयनेच्या शिवसागराची आणि माणदेशातील मायणी-राजेवाडीच्या पाण्याची आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या नकाशावर निळ्या रंगाचे ठिपके पुष्कळ आहेत. पण त्यांत नाव घेण्याजोगे, गोड्या पाण्याचे नैसर्गिक सरोवर एकही नाही.

महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ज्याची गणना होते, जेथे पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्या प्रदेशात एकही सरोवर का नसावे? आणि सरोवर नसेल, तर आपण या पाण्याला 'लेक' का म्हणतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे, दुसऱ्याचे भाषेत. ही दोन्ही उत्तरे एकत्र वाचली, तर या पाण्याची जबाबदारी कोणाची, या तिसऱ्या आणि अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे आपण येऊन पोहोचतो.

काळ्या दगडाचा प्रदेश

सरोवर तयार होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जमिनीत खोलगट भाग असावा लागतो आणि दुसरी म्हणजे त्यातील पाणी एकदम वाहून जाणार नाही अशी कड असावी लागते. जगातील बहुतेक नैसर्गिक सरोवरे अशा खोलगट भागांत आहेत, जे हिमनद्यांनी कोरले, भूकवच खचल्याने निर्माण झाले, मृत ज्वालामुखीच्या मुखात राहिले किंवा नदीने आपले वळण सोडून दिल्याने मागे उरले. फिनलंड, कॅनडा, काश्मीर या प्रदेशांत सरोवरे विपुल आहेत, त्याला अशी कारणे आहेत.

सह्याद्रीच्या बाबतीत यातील जवळजवळ एकही कारण लागू पडत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो, तो हाच बेसाल्ट. हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून उसळलेला नव्हता, तर दूरवर पसरत गेलेला होता. त्यामुळे पाणी साठेल अशी ज्वालामुखीची मुखे मागे राहिली नाहीत. पुढे हिमयुगातही येथे हिमनद्या नव्हत्या, म्हणून बर्फाने कोरलेले खळगेही नाहीत. उरला तो पावसाळी नद्यांचा अव्याहत कारभार. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या वेगाने उतरणारे पाणी वाटेतील कडा कापून काढते. एखादा खोलगट भाग असलाच, तर तो गाळाने भरतो किंवा त्याची कड फोडून पाणी निघून जाते. सह्याद्रीने कोट्यवधी वर्षांत दऱ्या केल्या, घळी केल्या, धबधबे केले. सरोवर मात्र टिकू दिले नाही.

निसर्गाने पाणी साठविण्याची सोय केली ती वेगळ्या स्वरूपात. नदीच्या पात्रात खोल डोह आहेत. कासच्या पठारासारख्या सड्यांवर जांभा दगडाच्या उथळ खळग्यांत पावसाळ्यात पाणी साचते आणि हिवाळ्यात ते आटून जाते. दगडांच्या थरांमध्ये झिरपलेले पाणी कड्यांच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचे उगम पूजले जातात, ते अशाच झऱ्यांचे रूप आहे.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार. तेही याच बेसाल्टमध्ये आहे. पण ते उल्कापाताने तयार झालेल्या विवरातील आहे आणि त्याचे पाणी खारे आहे. 'लवण' या शब्दाशी नाते सांगणारे त्याचे नावच तशी साक्ष देते. आकाशातून आलेल्या आघाताने जे साधले, ते दख्खनच्या भूगोलाला स्वतःहून साधले नाही.

त्याच दगडावरचे दुसरे पाणी

बेसाल्टमुळे सरोवर होत नाही, असे मात्र नाही. युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंड बेटाच्या ईशान्य भागातही असेच काळ्या पाषाणाचे पठार आहे. वयाने ते दख्खनपेक्षा थोडे लहान, सुमारे सहा कोटी वर्षांचे. या पठाराचा मधला भाग पुढे खचला, त्यावरून नंतर हिमयुगातील बर्फ सरकला आणि त्या खोलगट भागात जे पाणी साठले, ते 'लॉख न्याहाख'. इंग्रजी नकाशांवर त्याला 'लॉक नेय' म्हणतात. सुमारे ३९० चौरस किलोमीटर विस्ताराचे हे गोड्या पाण्याचे सरोवर ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही बेटांत क्षेत्रफळाने सर्वांत मोठे आहे. त्याची सरासरी खोली मात्र जेमतेम नऊ मीटर आहे. अनेक नद्या त्यात येऊन मिळतात आणि बान ही एकच नदी त्यातून बाहेर पडते.

आयरिश भाषेतील या नावाचा अर्थ 'एओखूचे सरोवर' असा होतो. एक झाकण न घातलेली विहीर भरून वाहू लागली आणि तिने एओखू राजाला त्याच्या घरादारासह गिळले, अशी तेथील आख्यायिका आहे. दुसऱ्या कथेत फिन मॅक्कूल नावाच्या महाबलाढ्य वीराने मूठभर माती उपटून समुद्रात फेकली. तेथे बेट झाले आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात सरोवर. खड्डा आधी झाला आणि पाणी नंतर आले, हे भूशास्त्राचे सांगणे त्या लोककथेने आपल्या पद्धतीने आधीच सांगून ठेवले होते.

येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, आयरिश भाषा पाण्याच्या साठ्यांत स्पष्ट भेद करते. निसर्गतः असलेल्या सरोवराला 'लॉख' म्हणतात. नदीतील किंवा काठावरील डोहाला 'लिन'. डब्लिन या राजधानीच्या नावाच्या मुळाशी 'काळा डोह' असाच अर्थ आहे. आणि माणसाने बांधलेल्या जलाशयाला 'ताश्कुमर', म्हणजे साठवणीचे टाके. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडची तपशीलवार मोजणी केली, तेव्हा हजारो स्थळनामे इंग्रजी उच्चाराला सोयीची करून नकाशावर उतरविण्यात आली. मूळ नावे काय होती, याची नोंद करण्याचे काम त्याच मोजणीत जॉन ओडोनोव्हन या विद्वानाने स्थानिकांना विचारून केले. आज आयर्लंडमध्ये रस्त्यांवरील पाट्यांवर आयरिश नावे दिसतात, त्यामागे ही जपणूक आहे.

येण्णा, वेण्णा आणि लेक

त्याच शतकात इकडे साताऱ्यातही नकाशे तयार होत होते. १८२९ मध्ये महाबळेश्वरचा परिसर साताऱ्याच्या छत्रपतींकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि तेथील वसाहतीला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव मिळाले. डोंगराच्या टोकांना एल्फिन्स्टन, आर्थर अशी नावे लागली. त्या गर्दीत वेण्णा या नदीचे नाव टिकले. पण त्याला 'लेक' हे शेपूट जोडले गेले.

ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आणि नकाशांत ही नदी 'येन्ना' अशी भेटते. ही साहेबांची चूक, असे समजण्याचे कारण नाही. 'वेळ'ला 'येळ' आणि 'वेगळा'ला 'येगळा' म्हणणाऱ्या ग्रामीण बोलीत 'वेण्णा'चे 'येण्णा' होणे स्वाभाविक आहे. मोजणीदाराने कानांवर पडले ते लिहिले असावे, असे दिसते. नदीचे नाव मात्र त्याहून फार जुने आहे. पुराणकथेत सावित्रीच्या शापाने विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. कृष्णेला दक्षिणेत 'कृष्णवेणी' म्हणतात. ओडिशातील हाथीगुंफा येथील खारवेल राजाच्या प्राकृत शिलालेखात 'कण्हबेंणा' या नदीचा उल्लेख आहे. ती ही कृष्णा की विदर्भातील नदी, यावर विद्वानांत मतभेद असले, तरी 'बेण्णा-वेण्णा' हे नदीवाचक नाव दोन हजार वर्षांपूर्वी प्रचारात होते, एवढे त्यावरून निश्चित होते.

म्हणजे 'वेण्णा लेक' या जोडनावातला पहिला शब्द खरी हकीकत सांगतो आणि दुसरा ती झाकतो. हे पाणी म्हणजे वेण्णा नदीच आहे, उगमापासून थोड्याच अंतरावर थांबविलेली. सांडव्यावरून ती पुढे निघते, लिंगमळ्याच्या धबधब्यावरून खाली उतरते, जावळीत मेढ्यावरून वाहते, कण्हेर धरणात पुन्हा अडते आणि साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळते. माहुलीच्या संगमावर स्नान करणारा भाविक आणि लेकवर नाव वल्हवणारा पर्यटक एकाच पाण्याशी संबंधित आहेत, हे 'लेक' या शब्दाने कळत नाही.

मराठीचा जलकोश

वस्तुतः मराठी भाषेकडेही आयरिशसारखाच, किंबहुना अधिक बारकाव्याचा शब्दसंग्रह आहे. नदीतला तो डोह. झऱ्याभोवती बांधलेले ते कुंड. खडकात कोरलेले ते टाके. पायऱ्यांची विहीर ती बारव. मातीचा किंवा दगडाचा बांध घालून अडवलेले ते तळे अथवा तलाव. अलीकडच्या काळात त्यात पाझर तलाव आणि शेततळे यांची भर पडली. यातील 'तळे' हा शब्द संस्कृत 'तडाग' शब्दाशी नाते सांगतो. विहीर, बारव आणि तडाग बांधणे हे धर्मशास्त्राने 'पूर्त' कर्म म्हणजे लोकोपयोगी पुण्यकर्म मानले आहे. तडाग म्हणजे केवळ असलेले पाणी नव्हे, तर कोणीतरी केलेले पाणी, ही जाणीव त्या परंपरेतच आहे. सरोवर हा शब्द त्यामानाने काव्यातला आणि पुराणातला. रोजच्या बोलण्यात सातारकर तो फारसा वापरत नाही.

गावोगावची नावे पाहिली, तरी हेच दिसते. सातारा शहरात मोती तळे, मंगळवार तळे, फुटके तळे आहे. सज्जनगडावर घोडाळे तळे आणि सोनाळे तळे आहे. सांगली शहरातील 'काळी खण' तर आपले मूळ नावातच सांगून मोकळी होते, कारण खण म्हणजे दगड काढून झालेला खड्डा. कासच्या तलावाला गावाचे नाव आहे आणि गावाला ते 'कासा' या झाडावरून मिळाले, असे सांगितले जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात मोठी धरणे झाली, तेव्हा नामकरणाची पद्धत बदलली. पैठणचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर, वारणेचा वसंतसागर आणि कोयनेचा शिवसागर ही नावे संतांची, नेत्यांची आणि राजांची आहेत. त्यामागील आदर रास्तच आहे. परंतु 'सागर' म्हटले की ते पाणी अनादी असल्यासारखे वाटू लागते. १९६२ पासून कोयनेचे पाणी अडविण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्या खोऱ्यातील अनेक गावांना आपली घरे आणि शेते सोडून दूर जावे लागले. आज तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणून जाहिरात केली जाते आणि बामणोलीहून वासोट्याला जाण्यासाठी नावा सुटतात. त्या नावांखाली बुडालेली शिवारे आहेत, याची आठवण 'सागर' या शब्दात उरत नाही.

तंत्रज्ञांच्या भाषेतही हाच घोळ आहे. कोयना प्रकल्पात १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्यात पाणी घेण्यात आले, त्या प्रयोगाला 'लेक टॅपिंग' म्हणतात. हे तंत्र नॉर्वेतील नैसर्गिक सरोवरांसाठी विकसित झाले. तंत्र आले, त्याबरोबर शब्दही आला.

बांधलेल्या पाण्याचे स्वभाव

शब्दांचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, बांधलेले पाणी आणि निसर्गाचे पाणी यांचे स्वभाव वेगळे असतात.

नैसर्गिक सरोवराची पातळी ऋतुमानानुसार आपोआप ठरते. जलाशयाची पातळी माणूस ठरवितो. शिवसागराची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट आहे. त्यातील किती पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायचे, किती सिंचनासाठी पूर्वेला सोडायचे आणि मुसळधार पावसात दरवाजे केव्हा उघडायचे, हा दरवर्षीचा निर्णय असतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीकरांच्या तोंडी धरणांच्या विसर्गाचे आकडे होते, ते यामुळेच. पाण्याच्या साठ्याचा भूगर्भावरही परिणाम होतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला हादरवून सोडणारा भूकंप हा जलाशयाशी निगडित भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभरच्या अभ्यासकांनी तपासला आहे.

दुसरा फरक आयुष्याचा. नैसर्गिक सरोवरही गाळाने भरते. पण त्याला बहुधा हजारो वर्षे लागतात. बांधलेल्या तलावाच्या बाबतीत हा हिशेब दशकांचा असतो. धरण बांधतानाच गाळासाठी काही जागा सोडलेली असते आणि तिला 'मृतसाठा' म्हणतात. महाबळेश्वरच्या उतारांवरील शेती, बांधकामे आणि रस्ते यांची माती प्रत्येक पावसाळ्यात वेण्णा तलावात येते. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही शहरांची तहान या पाण्यावर भागते. म्हणून त्यातील गाळ काढणे हा सौंदर्याचा नव्हे, तर पाणीपुरवठ्याचा प्रश्न आहे. साताऱ्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कास तलावाची क्षमता अपुरी पडू लागली, तेव्हा अलीकडे बांधाची उंची वाढवावी लागली. सरोवराला उंची वाढवून घ्यावी लागत नाही.

माणदेशात तर तलाव हा जगण्याचा आधार आहे. महाबळेश्वरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड परिसरात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेथे १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम देण्यासाठी निघालेल्या कामांतून राजेवाडीचा तलाव आकाराला आला. येरळेच्या खोऱ्यातील मायणीचा तलावही ब्रिटिशकालीन आहे. या तलावांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. पक्ष्यांना पाणी बांधलेले की नैसर्गिक, याच्याशी कर्तव्य नसते.

कायद्यातला एक शब्द

कायद्याला मात्र ते असते. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये नियम केले. त्यांत जलाशय आणि तलाव यांचा पाणथळ जागांमध्ये समावेश होता. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नव्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित साठे, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ उत्पादन आणि करमणूक यांसाठी उभारलेल्या रचना पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळण्यात आल्या. ज्या प्रदेशात नैसर्गिक सरोवरच नाही, तेथे या एका वाक्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. वेण्णा तलाव, कास, शिवसागर, राजेवाडी ही सारी नावे त्या व्याख्येच्या बाहेर जाण्याची शक्यता निर्माण होते.

विशेष म्हणजे १९७१ च्या ज्या रामसर करारातून पाणथळ जागांचे संवर्धन जगभर सुरू झाले, त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेदभाव नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली ती नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला आणि ते गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले आहे. साताऱ्यातील पाण्याला अन्य कायद्यांचे छत्र नाही, असे नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा सर्वच पाण्याला लागू होतो. कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला. परंतु यातील प्रत्येक तरतूद परिसरासाठी, जंगलासाठी किंवा सांडपाण्यासाठी आहे. तलाव म्हणून तलावाचे रक्षण करणारी तरतूद शोधावी लागते.

आणि नैसर्गिक असणे हेही पुरेसे संरक्षण नाही. उत्तर आयर्लंडला लागणाऱ्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पुरविणारे लॉख न्याहाख २०२३ च्या उन्हाळ्यात विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाने झाकून गेले. शेतांतील खते आणि सांडपाण्यातून वाहून आलेली पोषकद्रव्ये हे त्याचे मुख्य कारण. तेथे डब्लिनजवळ लिफी नदी अडवून १९४० च्या सुमारास तयार केलेला एक मोठा जलाशयही आहे. पर्यटक त्याला 'ब्लेसिंग्टन लेक्स' म्हणतात. पण त्या जागेचे आयरिश नाव 'पोल अन फूका', म्हणजे 'भुताचा खळगा' असे आहे आणि ते जलाशयाहून जुने आहे. डब्लिनची तहान भागविणारे हे पाणीही नदीच अडवून केलेले आहे, आपल्या वेण्णेसारखेच. लेक म्हणण्याचा मोह सर्वत्र सारखाच आहे.

वेण्णा लेक हे नाव आता रूढ झाले आहे आणि ते बदलण्याचे काही कारण नाही. मात्र तलावाकाठच्या फलकावर बांधकामाचे वर्ष, नदीचे मार्गक्रमण आणि या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या दोन शहरांची नावे एवढा मजकूर जरी लिहिला, तरी येणाऱ्याला आपण निसर्गदृश्यासमोर नव्हे, तर कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यासमोर उभे आहोत, हे कळेल. जुन्या लोकांनी 'तळे राखील तो पाणी चाखील' असे म्हणून ठेवले आहे. त्या म्हणीत सरोवर नाही, तळे आहे. आणि तळ्याला राखणारा लागतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.